अँटेना फिरव रे!

चारठाणा गावातल्या जुन्या देवळांजवळ लहानाचे मोठे झालेल्या मंडळींनो,
दूरदर्शनवरची ‘इंद्रधनुष’ मालिका आठवते का?

साल १९८९.
दिग्दर्शक आनंद महेंद्रू.
मुलं घरीच संगणक जोडतात…
आणि निघतात थेट काळाच्या प्रवासाला!
त्यात गिरीश कर्नाड होते.
मिसरूड फुटायच्या वयातला करण जोहरही होता.

खर्च बेताचा, पण कल्पना दांडगी!

पत्र्यावर एक जण अँटेना फिरवायचा.
“आलं का?”
“आलं… आलं… गेलं!”
तेवढ्यात निम्मी गोष्ट निसटायची.
ती आपण मनानं जोडायचो.

मग १९९८मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला.
व्योमच्या भूमिकेत आपला मिलिंद सोमण!
पुन्हा तेच. खर्च बेताचा, कल्पना दांडगी.
त्यातलं यान संगणकावर रंगवलेलं आहे, हे आजची पोरं चटकन ओळखतात.
ओळखू द्या!