धरमकाट्यावर धर्म



वादाला बसलं की देवळातला पुजारी आणि आपल्याच वस्तीतला पोथीवाला म्हातारा, दोघं एकच सवाल टाकतात : "देव नाही हे सिद्ध करून दाखव!" आपली पोरं तिथंच गप होतात. गप व्हायचं कारण नाही. जो दावा करतो त्यानं पुरावा द्यायचा. सावकार म्हणाला, तुझ्याकडं माझे हजार रुपये निघतात, निघत नाहीत हे तू सिद्ध कर. तर चालेल का? आपण म्हणू, आधी कागद काढ.

गोदीतून भरलेला ट्रक काट्यावर चढवतात. त्याला धरमकाटा म्हणतात. नाव धर्माचं, पण काम विज्ञानाचं. मुकादम म्हणाला म्हणून वजन वाढत नाही. मालकाची जात बघून काटा हलत नाही. कुणीही तोला, कितीदाही तोला, आकडा तोच यायला पाहिजे. पुरावा म्हणतात तो हाच.

आता त्यावर एकेक माल चढवू.

21 सप्टेंबर 1995. देशभर गणपती दूध प्यायला. शिकलेसवरलेले चमचे घेऊन रांगेत! शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, तर दूध मूर्तीच्या अंगावरून ओघळताना दिसलं. चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणानं ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली उतरतं. देवाच्या जागी कुणाचाही पुतळा ठेवा, तोही पितो.

सापाचा मंत्र. "आमच्या मांत्रिकानं किती वाचवले!" वाचले, खरं आहे. पण चावणारे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं तरी दर वेळी विष अंगात उतरतंच असं नाही. ती माणसं मंत्राशिवायही जगली असती. आणि मेलेल्यांचा हिशोब कोण ठेवतो? वाचला तर मंत्राचं यश, मेला तर मेलेल्याचं नशीब. जो दावा कधी खोटा पडूच शकत नाही, तो काट्यावर चढतच नाही. तेवढ्यात दवाखान्यात लस घ्यायची वेळ निघून जाते. मरतं कोण? शेतात अनवाणी राबणारं आपलं पोर. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र घालणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर तो कायदा आला.

आता सगळ्यात जड माल. विटाळ. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं! दोन घागरी ठेवा. एक त्यांनी भरलेली, एक आपण भरलेली. कुठली कुणाची, सांगू नका. कुठला पुरोहित पाणी बघून ओळखील? अनादि काळाची वहिवाट म्हणून ते कोर्टात गेले. ती वहिवाट सिद्ध झाली नाही, 1937 साली मुंबई हायकोर्टानं दावा फेटाळला. दहा वर्षं घालवून पुरावा सापडला नाही. म्हणून शिवाशिव संपली का? नाही. ती पुराव्यावर उभी नव्हतीच, ती जमिनीवर, पाण्यावर आणि लाठीवर उभी होती. तेव्हा नुसता वाद जिंकून भागत नाही. पुराव्यामागं संघटना लागते.

आता जरा आपल्या घरात बघू. परंपरेनं आलं, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखा, असं बुद्धानं कालामांना सांगितलं. मग 1956 च्या 22 प्रतिज्ञा मानणाऱ्या घरात गंडेदोरे कशाला? बाबासाहेबांच्या फोटोला नवस कशाला? घ्यायचा काटा एक, द्यायचा काटा दुसरा, असला वाणी आपण चांगला ओळखतो. आपण तसं व्हायचं नाही.

उद्या कुणी चमत्कार घेऊन आला तर भांडू नका, हात जोडू नका. म्हणा, चढव काट्यावर.

जय भीम!