आधी काय, मग काय

आपल्या सिल्वासातल्या कारखान्यांत काम वर्षभर सारखं नसतं. मालाची मागणी घटली की ठेकेदार आधी रोजंदारीवरच्या माणसांना थांबवतो. मग खोलीचं भाडं थकतं, किराणावाल्याच्या वहीत उधारी चढते, त्यातच घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर पाहायलाच नको. अशा दिवसांत रविवारची उपासना चुकू लागते. कधी जादा पाळी मिळेल या आशेनं, तर कधी चार ओळखीच्या माणसांपुढे जायचा संकोच वाटतो म्हणून. श्रद्धा एका दिवसात जात नाही. रोजच्या धडपडीत ती मागे मागे पडत जाते.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू अन्नवस्त्राच्या काळजीबद्दल बोलतो. ही गरज खोटी आहे, असं तो कुठंही म्हणत नाही. पित्याला ती ठाऊक आहे, एवढा दिलासा देऊन तो फक्त क्रम लावून देतो: पहिलं स्थान देवराज्याला आणि नीतीला. भरल्या पोटी हे सांगणं सोपं असतं. म्हणून भूक सोसलेल्या एका स्त्रीची आठवण सांगतो.

आपल्या गावातलं पिएदाद मातेचं चर्च १८९७ चं. पोर्तुगीज अमलात ते उभं राहिलं. त्याच सुमारास सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश मुलखात दुष्काळ आणि प्लेग थैमान घालत होते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्या तेव्हा पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली होती. पुढे पतीला पटकीनं नेलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्याच माणसांचा रोष पदरी आला. आता अमेरिकेतल्या हितचिंतकांनी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदतही संपत आली होती. हिशेबानं पाहिलं तर हात आखडता घ्यायची ती वेळ. पण मध्य प्रांतात मुली अन्नावाचून मरताहेत, हे कळल्यावर रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती सदन झालं. १९०० च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या मुलींनाही तिथं आसरा मिळाला. अन्न-औषधाबरोबर त्यांना अक्षरओळख आणि हाताला काम मिळालं.

रमाबाईंसाठी प्रार्थना आणि दारातल्या उपाशी मुलीची सेवा, ही दोन वेगळी कामं नव्हती. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. त्यासाठी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं, तोवर ते काम त्यांनी तडीस नेलं होतं.

आपल्यापाशी रमाबाईंएवढं बळ नसेल, पण क्रम लावणं आपल्या हातात आहे. पैसे कमी पडले की पहिली काटछाट प्रार्थनेत करू नका. सकाळच्या पाळीला निघताना घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं देवापुढे बसा. पाळीमुळे रविवार चुकलाच तर आठवड्यातला दुसरा दिवस ठरवा आणि तो पाळा. अडचणीतून सुटायला खोटं बोलावं लागत असेल, किंवा आपल्याहून गरीब सोबत्याची मजुरी दाबावी लागत असेल, तर तो मार्ग आपला नाही. आणि आपली अडचण मंडळीपासून लपवू नका. फादर किंवा पाळक यांच्याशी, एखाद्या जाणत्या बहीण-भावाशी बोला. मागताना लाज वाटते हे मला कळतं. पण ज्यांच्याबरोबर आपण एका भाकरीचे वाटेकरी होतो, त्यांच्यापासून रिकामा डबा का लपवावा?

आणि आज ज्यांचं बरं चाललं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती. शेजारचं कुटुंब दोन रविवार दिसलं नाही, तर ते नास्तिक झालं, असं म्हणू नका. त्यांच्या घरी जा. तांदूळ-डाळीपासून सुरुवात करा, कामाचं कुठं जमतं का ते पाहा, मग बरोबर बसून प्रार्थना करा. कठीण काळात श्रद्धा एकट्यानं तगत नाही. ती एकमेकांनी धरून ठेवायची असते. ते काम आपण याच आठवड्यापासून हाती घेऊ या.