मूलभूत उत्पन्न आणि झिजणारा रुपया
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



गरीब की श्रीमंत, कामावर की बेकार, हे न विचारता प्रत्येक नागरिकास शासनाने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, ही सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना. २०२४ सालची ‘लाडकी बहीण’ योजना म्हणजे हे नव्हे. तिला वयाची आणि उत्पन्नाची अट होती.

‘फुकटच्या पैशाने माणसे आळशी होतील’ हा आक्षेप आपण तरी उचलून धरू नये. २०११ ते २०१३ या काळात ‘सेवा’ संघटनेने मध्य प्रदेशातील काही गावांत हा प्रयोग केला. प्रौढास दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५० रुपये, विनाअट देण्यात आले. लोकांनी काम सोडले नाही. आहार सुधारला, कित्येक कुटुंबे मजुरीऐवजी स्वतःच्या शेतीकडे वळली. शिवाय रक्कम सर्वांनाच मिळत असल्यामुळे दारिद्र्याचा दाखला मिळविण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. हा गुण लहान नाही.

परंतु २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने ही कल्पना मांडली, ती मुख्यतः चालू कल्याणयोजनांना पर्याय म्हणून. खरा धोका येथे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसामागे दरमहा ५ किलो धान्य ठरविले. बाजारभाव दुप्पट झाला तरी ५ किलो हे ५ किलोच राहतात. रुपयाचे तसे नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०११ साली २०० रुपये होता. २०२४ सालीही तो २०० रुपयेच होता. रक्कम कमी करण्यासाठी कोणाला कायदा बदलावा लागला नाही. महागाईने ते काम मुकाट्याने केले. आणि ज्या आरोग्यकेंद्रात डॉक्टरच नाही, तेथे खिशातील पैसा डॉक्टर निर्माण करीत नाही.

म्हणून माझे मत असे : मूलभूत उत्पन्नाला आपला पाठिंबा असावा, पण तीन अटींवर. ते रेशन, दवाखाना आणि शाळा यांच्या जोडीला यावे, जागी नव्हे. त्याची रक्कम महागाई निर्देशांकाशी कायद्याने बांधलेली असावी. आणि त्याचा भार धनिकांवर पडावा. २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झालेला संपत्ती कर पुन्हा आणण्याची मागणी त्यासाठीच करावयाची.

गावात कोणी विचारील, ‘रोख घेता की रेशन?’ त्या प्रश्नातील ‘की’ मान्य करू नका.