जुना ट्रॅक्टर आणि शेतकऱ्याच्या हातातला पाना



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलायला आपण जमलो आणि मी बोलणार एका जुन्या विलायती ट्रॅक्टरवर. काही जण म्हणतील, या कृषी पदवीधराला ऊन लागले. पण ऐकून घ्या, मुद्दा तुमच्याच खिशाचा आहे.

कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. खाली दोन दांडे, वर एक. नांगर असो की कल्टिवेटर, चढतो त्याच तीन टोकांवर. ही जोडणी रुजवली हॅरी फर्ग्युसनने. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढत नेत. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाई आणि चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव केले. त्याचा करड्या रंगाचा टीई-२० इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर तयार झाला. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून.

आज तिकडे लोक भंगारात पडलेला टीई-२० उचलतात आणि प्रदर्शनात उभा करण्याजोगा करतात. हे काम कसे चालते? रंगापासून नाही. आधी पाटीवरचा नंबर वाचून साल आणि इंजिन ठरवतात. इंजिन जाम असेल तर ओढून चालू करीत नाहीत; सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवस थांबतात आणि मग हाताने फिरवून बघतात. मागच्या पेटीतले तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजायचे. लिफ्टचा पंप त्याच तेलात बुडलेला असतो, म्हणून तोही तपासायचा. या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नाही. इंजिन, गिअर बॉक्स आणि मागची पेटी एकमेकांना बोल्टने जोडलेली. म्हणून खोलताना दोन्ही बाजूंना ठोकळ्यांचा पक्का आधार लागतो. बोल्ट इंची आट्यांचे. मिलिमीटरचा बोल्ट दामटला की आटे गेले. सिलिंडर झिजला तर लायनर काढून नवा बसवतात. सगळे जुळल्यावर शेवटी करडा रंग, चाकांनासुद्धा. जाणकार परीक्षक चकाकीला भुलत नाही. तो मूळ भाग बघतो.

आता मुद्दा. सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र आज पुन्हा उभे राहते ते रंगामुळे नाही. ते खोलता येते म्हणून. फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर एक पाना देई. बहुतेक नट त्याच पान्याने फिरत, आणि त्याच्या कडेवर इंचाच्या खुणा होत्या, म्हणजे मोजपट्टीही तीच. ज्याचा ट्रॅक्टर, त्याच्या हातात दुरुस्ती, हा त्यामागचा विचार. आपल्या गावचा मिस्तरी बाभळीखाली बसून इंजिन बांधतो, तो याच विचारावर जगला.

आपल्याकडे ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासोबत सेन्सर आणि संगणकी इंजिने आली. धूर कमी व्हावा, याला माझा विरोध नाही. नव्या तंत्रालाही नाही. पण पेरणीच्या वाफशावर दिवा लागला, ट्रॅक्टर थांबला आणि त्याची चावी फक्त कंपनीच्या माणसाच्या संगणकात असली, तर कोरडवाहू शेतकऱ्याने काय करायचे? वाफसा वाट बघत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला की शेतीयंत्राचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दुरुस्तीची साधने कंपनीने मालकाला द्यावीत. आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रेही धरली.

म्हणून ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा नुसती अश्वशक्ती आणि हप्ता विचारू नका. तीन गोष्टी लेखी मागा. दुरुस्तीची पुस्तिका मिळेल का? सुटे भाग किती वर्षे मिळतील? बिघाडाचा कोड गावचा मिस्तरी वाचू शकेल का? विक्रेता एकट्याला टोलवेल. गावातले दहा जण मिळून गेलात तर टोलवता येणार नाही.

मालकाला खोलता येत नसेल, तर त्या यंत्राचा खरा मालक दुसराच कोणीतरी आहे.