कमरेचा घेर आणि टक्केवारी

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एकच एक आजार नव्हे. सुटलेले पोट, चढा रक्तदाब, उपाशीपोटी जास्त निघणारी साखर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि कमी पडणारे एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, यांपैकी निदान तीन दोष एकाच माणसात आढळले की हे निदान होते. अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली असे दोष एकत्र का येतात याची मांडणी केली. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, हे त्यांनी सांगितलेले मूळ कारण. आज ज्याच्यावर सगळ्यांचे बोट असते तो पोटाचा घेर मात्र त्यांच्या मूळ यादीत नव्हता.

समाजात हे प्रमाण किती, याचे उत्तर वयाप्रमाणे बदलते. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या पाहणीत प्रौढांमधील प्रमाण सुमारे २४ टक्के निघाले. पण विशीतल्या लोकांत ते ७ टक्क्यांच्याही आत होते आणि साठीतल्यांत ४३ टक्क्यांच्या वर.

निकष बदलला तरी उत्तर बदलते. चेन्नईत एकाच गटातील लोकांना तीन व्याख्या लावून पाहिल्या, तेव्हा एका व्याख्येने १८ टक्के, दुसरीने २३ टक्के आणि तिसरीने जवळजवळ २६ टक्के लोक त्यात बसले. माणसे तीच, तपासण्याही त्याच. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या साखरेपासून सुरू होते, अमेरिकी व्याख्या पाचांपैकी कोणतेही तीन दोष धरते, तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००५ च्या व्याख्येत वाढलेला घेर असावाच लागतो. म्हणून निकष न सांगता नुसती टक्केवारी देणाऱ्या बातमीला फारसा अर्थ नसतो.

घेराची मर्यादाही सर्वांना सारखी नाही. अमेरिकी मोजमापात पुरुषांसाठी ती १०२ सेंटिमीटर होती. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी महासंघाने ९० ठरवली. याचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून चांगले उमगते. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय आतून तसा असतोच असे नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेह ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के आढळला. मधुमेहात गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत पुढे होता. या आकड्यांची बेरीज करून सिंड्रोमचे प्रमाण काढता येत नाही; एकाच माणसात तिन्ही दोष असू शकतात, किंवा तिघांत एकेक.

घेर घरीही मोजता येतो. उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. पोट आत ओढू नये आणि पँटचा नंबरही धरू नये, कारण पँट बहुधा पोटाच्या खाली बांधलेली असते. पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच भरले, तर रक्तदाब, साखर आणि चरबीची तपासणी करून घ्यावी.