सहल कोणती : भेडाघाट की मालवण?

गोंदिया जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. पाण्यातून नौकेने जाऊन उंच कडे पाहायचे, असा बेत ठरला म्हणजे दोन नावे पुढे येतात. एक जबलपूरजवळचा भेडाघाट, दुसरे कोकणातले मालवण. यांपैकी कोणते निवडावे, याचा आज थोडा विचार करू.

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा ही नावे मुलांना ठाऊक आहेत, आणि गावोगावच्या बोड्या तर घरच्याच. पाणी आपल्याला नवे नाही. नवा आहे तो पाण्याने कापलेला उंच कडा, आणि दुसरा काठ न दिसणारे पाणी. पहिली गोष्ट भेडाघाटला मिळते, दुसरी मालवणला.

आधी भेडाघाट पाहू. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूर रेल्वेने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. या वाटेवर पूर्वी छोटी गाडी धावत असे; आता मोठी लाईन झाली आहे. वाटेतच भूगोलाचा धडा आहे. गाडी वैनगंगेचे खोरे सोडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरते. वैनगंगेचे पाणी गोदावरीतून पूर्वेच्या उपसागराला मिळते, नर्मदेचे पश्चिमेच्या अरबी समुद्राला. हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावे.

भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फूट उंचीचे पांढरे कडे. पंचवटी घाटावरून नौका निघते. आतले नावाडी यमक जुळवीत हिंदीत खडकांची वर्णने करतात. आपल्या मुलांना ती सहज समजतात. 'बंदरकूदनी' नावाच्या जागी दोन्ही कडे जवळ येतात. पूर्वी वानरे इकडून तिकडे उडी मारीत, असे सांगतात. हे कडे मुळात चुनखडीचे. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने व दाबाने चुनखडीचा संगमरवर झाला आणि नदीने तो युगानुयुगे कापला. जवळच धुवांधार धबधबा आणि दहाव्या शतकातले चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे.

आता मालवण. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या पूर्व टोकावरून थेट कोल्हापूरला नेते. एक रात्र आणि एक दिवस गाडीतच जातो. पुढे घाट उतरून मोटारीने मालवण. म्हणजे जाण्यायेण्याचेच चार दिवस झाले. पण तिथे जे आहे ते इकडे कुठेच नाही. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. होडीने तिथे जाता येते. दक्षिणेला भोगवे-निवतीच्या बाजूला होडीतून कडे पाहिले तर थेट समुद्रात उतरलेले दिसतात. इथे कडा कापते ती लाट. ती पायथा पोखरते, आणि आधार गेला की वरचा खडक ढासळतो. एकाच जागी थांबून भरती आणि ओहोटी दोन्ही पाहता येतात. आजच्या भरतीपेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे मुलांनी घड्याळ लावून पाहावे. पुस्तकातली चार पाने त्यात आली.

मग निवड कशी करावी? मुले पाचवी ते सातवीची असतील, दोन-तीन दिवसच हाती असतील, आणि पालकांची ऐपत बेताची असेल, तर भेडाघाट. मुले नववी-दहावीची असतील, वर्षभर थोडे थोडे पैसे साठविले असतील, तर मालवण. दूरची सहल म्हणजे मोठी सहल, असे समजू नये. पैशाअभावी वर्गातली दहा मुले घरी राहणार असतील, तर सगळ्यांना घेऊन जवळ जावे. घरी राहिलेल्या मुलाला ती गोष्ट फार दिवस सलते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आपली पोरे बोडीत पोहायला शिकतात. म्हणून त्यांना पाण्याची भीती नसते. हीच काळजीची बाब आहे. बोडीचे पाणी उभे असते, समुद्राचे पाणी माणसाला ओढून नेते. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तलावही गाफील माणसाला क्षमा करीत नाही. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटून 12 मुले व 2 शिक्षिका गेल्या. नौकेत क्षमतेहून अधिक माणसे होती, आणि जीवरक्षक जाकिटे सगळ्यांच्या अंगावर नव्हती.

तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी चार नियम पाळावेत. प्रत्येक मुलाच्या अंगावर जाकीट बांधल्याशिवाय नौका सुटू देऊ नये. नौकेची क्षमता विचारावी, आणि मुले मोजून बसवावीत. नौकेत उभे राहू देऊ नये. समुद्रात पोहण्याची परवानगी कोणालाही नाही, हे घरूनच सांगून निघावे. नावाडी "चालते हो" म्हणाला, तरी आपण "नाही" म्हणावे. पुढच्या नौकेची वाट पाहण्यात अर्धा तास जाईल, जाऊ द्यावा.

पावसाळ्यात दोन्हीकडे नौका बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धान घरी आलेले असते आणि परीक्षा दूर असते.

भेडाघाटला गेलात तर मुलांना एवढे जरूर सांगा : या कड्यांखालून वाहणारे पाणी शेवटी अरबी समुद्रालाच मिळते. मालवणचा समुद्रही तोच. या वर्षी नदी पाहिली, तर समुद्राची वाट तिथूनच पुढे जाते.