विजेचे मनोरे आणि अहिंसा



अहिंसेचा इतिहास सांगताना चंपारण, दांडी ही नावे ओघाने येतात. कर्जत-खालापूरचे नाव सहसा येत नाही. वस्तुतः या विचाराची अवघड परीक्षा १९४२ साली याच मुलखात झाली. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळत होती. माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. घाव लोखंडावर होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

मालमत्ता मोडणे ही हिंसा काय? १९४४ साली सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांच्या शौर्याचे कौतुक केले, पण घातपात आणि गुप्तता दोन्ही नाकारली. गुप्ततेवरचा आक्षेप अधिक मोलाचा आहे. गुप्त कार्याला मूठभर धाडसी माणसे पुरतात. बाकीचा गाव प्रेक्षक होतो. याच जिल्ह्यात चरीच्या संपात १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. तेथे उपासमार सोसणारे प्रत्येक घर लढ्यात होते.

कोतवालांनीही आधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या होत्या. पुण्यतिथीच्या भाषणांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.